हाताचा विमा

आमचे हे सर्जन. सोलापुरात खाली दवाखाना, वर आम्ही. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि यांचा उजवा हात थरथरायला लागला. घरात ते मला एकटीलाच ठाऊक. अशात नेहमीचे विमा एजंट आले.

"वहिनी, डॉक्टरांना काही झालं तर तुम्हाला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागणार नाही."

मी विचारलं, "आणि हे ठणठणीत राहिले, पण हातच चालेना, तर?"

"तसलं काही आमच्याकडं नसतं की हो! पैशासाठी डॉक्टरांना मरावं लागेल," म्हणाले आणि स्वतःच हसले. हेही हसले. मीही हसले असेन, आठवत नाही.

मरणाची सगळी सोय केलेली होती बघा. जगायची म्हणून जी शिल्लक होती, ती नव्या ऑपरेशन टेबलात गेलेली. मला रडूबिडू काही आलं नाही. मी कपबशा उचलल्या.

एजंट गेल्यावर हे म्हणाले, "उद्याचं अपेंडिक्स सरकारी दवाखान्यात पाठवायला सांग कंपाउंडरला."

"आणि परवाचं?"

"तेही."

मी जिना उतरून सांगितलं. कंपाउंडरनं विचारलं, "डॉक्टर गावाला निघालेत का?"

"नाही हो," मी म्हटलं, "आता घरीच असतील."