हॉटेलातून जाणारी हद्द

इटलीतल्या सिएनात मी तीन रात्रींसाठी आले होते. पोस्टात बदली झाली होती, घर मिळेपर्यंत कुठेतरी टेकायचं म्हणून वास्कोच्या हॉटेलात नऊ नंबरची खोली घेतली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. घर शोधणं मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं. मधे निवृत्तही झाले, पण वास्को आणि त्याची बायको नोर्मा मला अजून पोस्टबाईच म्हणतात.

हॉटेल म्हणजे तसं साधंच. नऊ खोल्या, लिफ्ट नाही, किल्लीला पितळेचा एवढा जड गोळा की ती खिशात घालून बाहेर पडायची कुणाची छाती होत नाही. सकाळी दूध-कॉफी, टोस्ट, जर्दाळूचा मुरंबा आणि नोर्माने केलेला केक. तो केक चांगला असतो, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, कारण मग ती दोन महिने तोच करत बसेल.

वास्को सहासष्ट वर्षांचा. उंच, किडकिडीत, पायात कापडी चपला. पाहुण्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने आयुष्यात घरात बूट घातला नाही. पलंगावरच्या चादरी तो स्वतः घालतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. स्वतः तो हॉटेलात पाहुणा म्हणून राहिला तो एकदाच, लग्नानंतर, व्हियारेज्जोला. सकाळी उठून त्याने आपला पलंग आवरला, न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला, शेजारच्या खोलीचं कुरकुरणारं दार पाहिलं, आणि जेवायच्या आत नोर्माला म्हणाला, "चल घरी. इथे मला विश्रांती मिळत नाही." हे नोर्मा प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगते आणि वास्को प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा लाजतो.

असा हा गरीब माणूस वर्षातून दोनदा, चार-चार दिवस, वेडा होतो. त्याचं एकट्याचं काही नाही, सगळं गावच होतं. आमच्या गावात सतरा आळ्या, आणि उन्हाळ्यात दोनदा मोठ्या चौकात त्यांच्या घोड्यांची शर्यत. वास्को साळिंदर आळीचा. नोर्मा लांडगी आळीची. या दोन आळ्यांचं एकमेकींशी कधी पटलं असेल तर ते कुणाच्या आठवणीत नाही. तरी या दोघांनी लग्न केलं. पुढचं घर त्याच्या बापाचं, मागचं तिच्या बापाचं. मधली भिंत पाडली आणि हॉटेल केलं. भिंत पडली, पण आळ्यांमधली हद्द कुठे पडते? ती तशीच राहिली, पहिल्या मजल्यावर, जिथे दोन घरांची जमीन जुळली नाही म्हणून दोन पायऱ्या कराव्या लागल्या, तिथे. एक ते पाच नंबरच्या खोल्या साळिंदराच्या, सहा ते नऊ लांडगीच्या. मी लिव्होर्नोची, मला दोन्ही बाजूंनी कुणी मोजत नाही.

कुठला घोडा कुठल्या आळीला याची सोडत निघते त्या सकाळपासून शर्यत संपेपर्यंत हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तो तीन नंबरमध्ये झोपतो, ती सहामध्ये. न्याहारीचीसुद्धा दोन टेबलं लागतात. आणि निरोप सगळे माझ्यामार्फत.

"पोस्टबाई, त्याला सांगा, दूधवाला आलाय."

"पोस्टबाई, तिला सांगा, मला डोळे आहेत."

दोघं एकमेकांपासून दोन हातांवर उभी असतात. एका जर्मन पाहुण्याने मला हळूच विचारलं होतं, यांचा काडीमोड होतोय का? मी म्हटलं, होतो, वर्षातून दोनदा, चार दिवसांचा.

यात एकच गोष्ट होती जी थट्टेची नव्हती. लग्नाच्या वेळी दोघांनी ठरवलं होतं की मुलगा झाला तर साळिंदराचा, मुलगी झाली तर लांडगीची. झाली एकटी लेतित्सिया. आईच्या आळीच्या कारंज्यावर, रीतीप्रमाणे, तिच्या डोक्यावर पाणी घातलं, गळ्यात लांडगीचा रुमाल आला. वास्को शब्दाचा पक्का, त्याने तो पाळला. पण त्याच्या घराण्यात तोच शेवटचा साळिंदर. त्याच्या आळीचं निशाण घडी करून कपाटात ठेवलेलं आहे, आजोबांच्या हातचं. ते पुढे कुणाला द्यायचं, हे त्याने मला दोनदा विचारलं होतं.

त्यामुळे लेतित्सियाला दिवस गेले तेव्हा घरात आनंद झाला आणि लगेच पाठोपाठ प्रश्न आला, हे मूल कुठल्या आळीचं? जावई ग्रोसेतोचा, त्याची आळीच नाही. आणि गावची रीत अशी की मूल ज्या आळीच्या हद्दीत जन्मतं, त्या आळीचं. लेतित्सिया दोघांनाही ओळखून होती. तिने सांगून टाकलं, "बाळ इस्पितळात होईल. तिथे कुणाची हद्द नाही. मोठं झालं की त्याचं ते ठरवेल. यावर मला पुन्हा कुणी विचारायचं नाही."

कुणी विचारलं नाही. पण इस्पितळाची पळवाट गावाने केव्हाच बंद केली आहे. बाळंतिणीच्या खाटेखाली ज्या आळीची माती, त्या आळीचं मूल. पिशवीतून नेतात, डब्यातून नेतात, नर्सबाया झाडू मारताना तेवढा कोपरा सोडतात. मे महिन्यात वास्कोने चार नंबरच्या खिडकीत लाल फुलांची एक छोटी कुंडी आणून ठेवली. माती त्याच्या आळीच्या देवळामागची. हातात मावेल एवढीच कुंडी का, हे मला कळलं आणि नोर्मालाही कळलं.

"फुलं आवडायला लागलीत म्हणे त्याला," नोर्मा मला म्हणाली. तेव्हा अजून बोलणं बंद झालेलं नव्हतं, तरी तिने मलाच सांगितलं. "त्या कुंडीचं काय करायचं ते मी बघते."

जूनच्या शेवटी लेतित्सिया माहेरी आली. अजून पंधरा दिवस अवकाश होता. वास्कोने तिला चार नंबर दिला, हवा चांगली आहे म्हणाला. चार नंबरला जूनमध्ये भट्टी पेटलेली असते.

सोडतीच्या दिवशी दुपारी सगळं गाव चौकात गेलं. वास्कोही गेला. मी, नोर्मा आणि लेतित्सिया मागे राहिलो. मी खाली वर्तमानपत्र वाचत होते, तेवढ्यात वरून नोर्माची हाक आली, आणि त्या आवाजावरून मी काय ते समजले.

"पोस्टबाई, रुग्णवाहिका बोलवा. आणि त्याला फोन लावा."

"तू लाव ना, नोर्मा, आता तरी."

"मी त्याच्याशी बोलत नाही," नोर्मा म्हणाली. एका हाताने लेकीची कंबर चोळत होती. मी दोन्ही फोन लावले.

रुग्णवाहिका वेशीपर्यंत आली, पुढे रस्त्यात माणसंच माणसं. सुईण आणि तिच्याबरोबरचा माणूस पिशव्या घेऊन चालत आले. सुईण ठेंगणी, घामाघूम, कामाची बाई. तिने लेतित्सियाला तपासलं आणि म्हणाली, "हिला आता कुठेही न्यायचं नाही. इथेच होणार, आणि लवकर." मग तिने खोली पाहिली. अरुंद पलंग, खिडकीतून तापलेलं ऊन, खाली ढोल. "इथे जीव गुदमरेल तिचा. थंड खोली नाही का एखादी? आत न्हाणीघर असलेली?"

होती की. सहा नंबर. दोन पायऱ्या उतरून, मागच्या बागेकडे तोंड केलेली, रुंद पलंगाची. मी नोर्माकडे पाहिलं. तिने नुसतं सांगायचा अवकाश होता. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पण ती तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली, आणि तिची नजर खिडकीतल्या कुंडीवर होती. मीही बोलले नाही. मी दोघांच्या घरचं मीठ खाल्लंय.

"अहो, मी विचारते आहे," सुईण म्हणाली.

"सहा नंबर," दारातून आवाज आला. वास्को चौकापासून धावत आला होता. त्याला नीट श्वासही घेता येत नव्हता. "सहा नंबर थंड आहे. चादर मी सकाळीच बदललीय."

लेतित्सियाने मान वर केली. "बाबा."

"चल, बाळा. माझ्या खांद्यावर हात टाक."

त्या दोन पायऱ्या त्याने तिला जपून उतरवल्या, आधी एक पाय, मग दुसरा. सहा नंबरचं दार त्याने स्वतः उघडलं, आणि ती आत गेल्यावर तो बाहेरच थांबला. नोर्माने हे पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला हे मी सांगू शकत नाही, कारण तिने लगेच पाठ फिरवली.

"पोस्टबाई, त्याला सांगा, खालच्या कपाटातले सगळे टॉवेल आण."

तो खाली पळाला. नोर्मा चार नंबरमध्ये गेली आणि उशा-चादरींचा हा मोठा ढीग उराशी धरून बाहेर आली, तशीच सहामध्ये शिरली. सहामध्ये चादरी भरपूर होत्या, पण अशा वेळी कोण विचारतं?

टॉवेल दिल्यावर वास्को त्या दोन पायऱ्यांवर बसला, बरोबर हद्दीवर. मी शेजारी बसले. त्याच्या आळीला घोडा कुठला मिळाला, मी विचारलं. तो म्हणाला, "ऐकायच्या आधीच निघालो." चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने सोडत अर्ध्यावर टाकली होती.

पाऊण तासात आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. सुईण बाहेर आली. "मुलगी. दोघी छान आहेत." वास्कोने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. जरा वेळाने त्याला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा रडत होता, आणि ते रडणं आनंदाचं होतं याबद्दल मला शंका नाही. "तिच्या नाकावर रागच आहे," तो म्हणाला. "पक्की लांडगी."

दुपारनंतर गर्दी ओसरली तेव्हा मायलेकींना तपासणीसाठी इस्पितळात नेलं. जावई तिकडेच पोचला. नोर्मा कपडे बदलून मागून निघणार होती. वास्कोला मात्र आधी खोल्या आवरायच्या होत्या. त्याशिवाय त्याला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, नात झाली तरी. मी त्याला हात द्यायला गेले.

आधी चार नंबर. त्याने खिडकी उघडली आणि तसाच उभा राहिला. कुंडी जागेवर नव्हती. खिडकीच्या कडेवर ओलसर गोल डाग तेवढा राहिला होता.

"टाकली तिने," तो म्हणाला.

"बघ तरी शोधून."

"कशाला? तिची बाजू जिंकली. माझ्या हातानेच जिंकवली मी. आता कुंडी काय करायचीय?" तो रागावून बोलत नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. नोर्माचा मला इतका राग आला की मनातल्या मनात मी तिचा केक कायमचा बंद केला.

मग सहा नंबर. मी उशांचे अभ्रे काढले, त्याने चादर ओढली. चादरीचं एक टोक पलंगाखाली अडकलं होतं. तो गुडघ्यांवर बसला, आत हात घातला, वाकून पाहिलं. आणि उठेना.

"काय रे? कंबर धरली का?"

मीही वाकले. पलंगाच्या बरोबर मधोमध, जिथे लेतित्सिया झोपली होती त्याखाली, ती लाल फुलांची कुंडी होती. खाली बशी ठेवलेली, फरशी खराब होऊ नये म्हणून. दोन फुलं गळली होती.

नोर्मा दारात उभी होती. हातात पर्स, चांगला झगा, केस विंचरलेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पोस्टबाई, त्याला सांगा, मातीचा नियम गावाचा आहे. खोली कुठलीही असो. मी नियम मोडणाऱ्यातली नाही." मग म्हणाली, "आणि सांगा की कुंडीला आज पाणी घातलेलं नाही. सुकेल."

वास्को अजून गुडघ्यांवरच होता. त्याने कुंडी बाहेर काढली, मांडीवर धरली. त्याचे ओठ हलले.

"पोस्टबाई," तो म्हणाला, "तिला सांगा..."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुझं तू सांग. पोस्ट आज बंद आहे."

चादरींचा गठ्ठा काखोटीला मारून मी बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. शर्यतीला अजून तीन दिवस होते. संध्याकाळी न्याहारीच्या खोलीत पाहिलं, तर दुसऱ्या दिवसासाठी एकच टेबल मांडलेलं होतं.