घंटा झाली की खडू खाली

आमच्या शाळेत पैसे कधी साठले नाहीत, किस्से मात्र इतके साठलेत की ठेवायला कपाट पुरायचं नाही. स्टाफरूममध्ये चहा ओतला की कोणीतरी "अगं, ते आठवतं का" म्हणून सुरू करतं आणि चहा गार होतो. पूर्वी नुसतं हसायचो. आता हसता हसता एखादी मधेच उठून कप विसळायला घेते.

शाळा डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. छोटीशी ख्रिस्ती शाळा. नावात 'सेंट' आहे म्हणून लोकांना वाटतं हिला फॉरेनहून पैसा येतो. कसलं फॉरेन? आम्हाला कल्याणहूनसुद्धा कोणी काही पाठवत नाही. मुलं गावातल्या आगरी घरांतली, चाळींतली, एमआयडीसीत कामाला आलेल्या यूपीवाल्यांची. मी मराठी शिकवते. आमच्या घरी बुद्धवंदना, शाळेत सकाळी प्रभूची प्रार्थना, मला दोन्ही पाठ.

आमच्या प्रिन्सिपल ग्रेटा मॅडम ठाण्याच्या, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती. नौपाड्यात भावाकडे राहतात. लग्न केलं नाही, कॉलेज संपल्यावर या शाळेत आल्या त्या इथल्याच झाल्या. आणि शिपाई दामूमामा, जवळच्याच गावचे.

गेल्या जूनमध्ये ट्रस्टने मॅडमना बोलावून सांगितलं, छपराचे पत्रे गंजलेत, उद्या एखादा मुलाच्या डोक्यात पडला तर आम्ही तोंड दाखवायचं कुठे? वर्षभरात नवीन छप्पर घाला, नाही तर पुढच्या जूनला शाळा उघडणार नाही. पैसे तुमचे तुम्ही उभे करा.

मॅडम परत आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गो पोरींनो, कामाला लागा."

*

मॅडमची शिस्त आधी सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे अजून पितळेची घंटा. व्हरांड्यात टांगलेली, दामूमामा हातोडीने वाजवणार. मॅडमचा एकच नियम: घंटा झाली की खडू खाली. फळ्यावर शब्द अर्धा असला तरी अर्धाच ठेवायचा. "पोरांचा वेळ पोरांचा," त्या म्हणायच्या.

एकदा इन्स्पेक्शनला आलेले साहेब चौथीच्या वर्गात भाषण द्यायला उभे राहिले. स्वच्छतेवर बोलत होते, चांगलेच रंगात आलेले. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. मॅडम उठल्या आणि पोरांना म्हणाल्या, "उठा. दप्तरं घ्या."

साहेब म्हणाले, "अहो मॅडम, माझं अजून संपलं नाहीये."

मॅडम म्हणाल्या, "सर, घंटा झाली."

साहेबांनी उरलेली स्वच्छता मला आणि दामूमामांना ऐकवली. त्या वर्षीचा शेरा काही चांगला आला नाही.

*

छपरासाठी पहिलं काय केलं, तर गेटवर फळा लावला. वर रंगीत खडूने 'आगामी कार्यक्रम' आणि खाली यादी. सोडत, वॉकेथॉन, नाताळची गाणी, फनफेअर. प्रत्येकाखाली 'सढळ हाताने मदत करा'.

आठवडा झाला आणि गेटवर पालक दिसेनात. मुलं येत होती, पालक गायब. मला वाटलं, काय साथबिथ आली की काय. मग एकदा मी स्वतः रिक्षाने आले. रिक्षावाला आमच्याच पाचवीतल्या पोराचा बाप. कोपऱ्यावरच रिक्षा थांबवून म्हणाला, "टीचर, इथेच उतरा ना. सगळ्यांना बोर्डाच्या आधीच सोडतो मी."

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी दुपारी फळा उचलून कोपऱ्यावर नेला. दुसऱ्या दिवसापासून पालक मागच्या गल्लीने यायला लागले. त्या गल्लीत उघडं गटार आहे, तरीसुद्धा.

*

मग सोडत काढली. पहिलं बक्षीस मिक्सर. तिकिटं पोरांकडे दिली. पोरांनी आपापल्या आईला विकली, आईने बापाला सांगितलं, बापाने परत पाठवली. उरलेली बहुतेक तिकिटं मॅडमनी गुपचूप स्वतःच घेतली. पगारातून. हे आम्हाला कधी कळलं, तर सोडतीच्या दिवशी. पहिलं नाव निघालं ग्रेटा मॅडम.

लोक काय म्हणतील म्हणून मॅडमनी चिठ्ठी परत डब्यात टाकली. पुन्हा काढली, पुन्हा ग्रेटा मॅडम. मागून एक बाप्या म्हणाला, "सेटिंग आहे सगळी." मॅडमचा चेहरा असा उतरला की मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली.

मॅडमनी आपल्या सगळ्या चिठ्ठ्या वेचून बाहेर काढल्या. डब्यात राहिल्या इनमीन चार. त्यातून सातवीतल्या सोनीची आई निघाली. टाळ्या झाल्या, मिक्सर तिच्या हातात दिला. बाईने तो छातीशी धरला. मग हळूच म्हणाली, "टीचर, मिक्सर नको. तेवढी फी कापून घ्याल का?"

मिक्सर दुकानदाराने परत घेतला नाही. स्टाफरूममध्ये पडून आहे, त्यात कोण काय वाटणार?

*

पंधरा ऑगस्टला वॉकेथॉन. झेंडावंदन करून अख्ख्या शाळेने छपरासाठी चालायचं आणि पोरं चालतात म्हणून लोकांनी पैसे द्यायचे, अशी मॅडमची आयडिया. रस्ता मी ठरवला. सगळ्या चाळींवरून नेला, म्हणजे पालक बघतील, कौतुक करतील.

शाळेतून निघालो तेव्हा ही लांबलचक रांग. पहिल्या चाळीपाशी जरा आखूड झाली. दुसऱ्या चाळीपाशी आणखी. पोरांचं काय चुकलं? वाटेत स्वतःचं घर आलं, भूक लागलेली, आईने दारातून हाक मारली, पोरं आत. शेवटी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं तर मॅडम, दामूमामा, बँडवाला एक पोरगा आणि तीन मुली. त्या मुली लांब खडवलीहून येतात, त्यांचं घर वाटेत नव्हतं म्हणून पोचल्या.

शेवटाला स्वागताला एक पुढारी उभे. म्हणाले, "मी शाळेला भरीव काहीतरी देणार." आम्ही आशेने बघतोय, तर त्यांच्या माणसांनी एक फ्लेक्स उलगडला. केवढा म्हणाल, तर त्याच्याखाली लग्न लागेल. त्यावर ते स्वतः, हात जोडलेले, आणि कोपऱ्यात शाळेचं नाव.

मॅडम फ्लेक्सची गुंडाळी करून कचऱ्याच्या ढिगाकडे निघाल्या. दामूमामा म्हणाले, "मॅडम, फेकू नका. मना द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फ्लेक्स चौथीच्या वर्गावर, गळक्या पत्र्यांच्या खालून ताणून बांधला. गळायचं थांबलं. मात्र छापील बाजू खाली आली. आता चौथीतली पोरं मान वर करतात तेव्हा पुढारी वरून हात जोडून बघत असतात. भरीव दिलं म्हणायचं ते हेच.

*

नाताळात गाणी म्हणत सोसायट्यांमधून फिरलो. आगरी पोरं, भय्यांची पोरं, माझी पोरगी, सगळी लाल टोप्या घालून. एका वॉचमनने गेटवरच अडवलं. म्हणाला, "वर्गणी गणपतीत झाली ना."

एका घरी मात्र दार उघडलेला माणूस मॅडमना बघून पायाच पडला. आमचाच जुना विद्यार्थी, आता मोठ्या कंपनीत. डोळ्यांत पाणी. "मॅडम, तुमच्यामुळे घडलो मी. तुम्ही मारलं नसतं तर गॅरेजमध्ये असतो." बायकोला बोलावलं, फोटो काढले, सगळ्यांना केक दिला. मॅडम इतक्या खुशीत मी वर्षभरात बघितल्या नव्हत्या.

तेवढ्यात आतून त्याचा लहान मुलगा आला. मॅडमनी त्याला जवळ घेतलं. "काय रे, शाळेत घालायची वेळ झाली की याची. जूनमध्ये आण."

तो जरा चाचरला. "मॅडम, त्याचं इंटरनॅशनलला झालंय. आता काय आहे ना मॅडम, तुमच्या शाळेत…"

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

जिन्यात त्या मधल्या पायरीवर बसल्या. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? म्हणाल्या, "हो." मला रडायला येत होतं आणि खाली पोरं बेंबीच्या देठापासून 'आनंद करा' गात होती.

*

राहिला जानेवारीतला फनफेअर. त्यात मॅडमनी लिलाव ठेवला. ठाण्याला त्यांच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला होतो तसा. लोक घरचं काही आणून देतात, केळी, नारळ, कोंबडी. त्याची बोली लागते. आणि रीत अशी की ज्याने घेतलं तो म्हणतो, "परत." वस्तू पुन्हा बोलीला. एकच नारळ दहा हातांतून फिरतो आणि चर्चचं काम होतं. वस्तू घरी न्यायची नसते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दामूमामांनी घरचा लाल भोपळा आणलेला. मॅडमच्या भावाने घेतला, "परत." मॅडमच्या चर्चमधल्या बाईंनी घेतला, "परत." मी घेतला, मीही ऐटीत "परत" म्हटलं. गंमत बघून पालकही बोली लावायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा असं वाटलं की अरे, जमतंय की काय.

मॅडमच्या अंगात वारं शिरलं. माईकवर म्हणाल्या, "आता शेवटची वस्तू. दामू, घंटा काढ."

मी कानात म्हटलं, "मॅडम, घंटा?"

"अगं, शाळेची घंटा कोण घरी नेतंय? चांगली बोली लागेल आणि येईल परत."

बोली लागली, आणि चांगली लागली. कंपाउंडला चिकटून नवीन टॉवर झालाय, तिथले एक आजोबा नुकतेच नातीला घेऊन जत्रा बघायला आलेले. भला माणूस. ते चढवतच गेले. शेवटी असा आकडा बोलले की दामूमामांनी तो पुन्हा विचारून घेतला. वर्षभरात आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढं गोळा केलं नव्हतं, तेवढा.

टाळ्या थांबेनात. मॅडमनी स्वतः घंटा त्यांच्या हातात दिली, माईक त्यांच्यासमोर धरला आणि हसत म्हणाल्या, "थँक यू, काका. आणि आता काय म्हणायचं?"

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. आजोबांनी घंटा हातात तोलली, इकडेतिकडे बघितलं आणि माईकमध्ये विचारलं, "पिशवी मिळेल का?"

त्यांना रीत सांगायचं कोणाला सुचलंच नव्हतं, आणि मोजून पैसे घेतल्यावर सांगायची कशी? दामूमामांनी गोणपाटाची पिशवी आणून दिली.

*

एवढं करूनही छपराचं अर्धंच जमलं. दामूमामा आता स्टीलच्या ताटावर पळी मारतात, ते मागच्या वर्गांना ऐकूही येत नाही. आजोबांनी घंटा गॅलरीत टांगली, आमच्या मैदानावर तोंड करून.

फेब्रुवारीत ट्रस्टचे साहेब आले. मॅडम सातवीवर होत्या, मी वह्या तपासत मागच्या बाकावर. साहेब दारातूनच म्हणाले, "मॅडम, जरा बोलायचं होतं." मॅडम म्हणाल्या, "तास संपू दे." साहेब थांबले नाहीत. आत येऊन पोरांसमोरच, हळू आवाजात सांगायला लागले. ट्रस्टने विचार केलाय. अर्ध्या पैशात काही होत नाही. पोरांचे दाखले एप्रिलमध्येच देऊन टाकू, म्हणजे त्यांना दुसरीकडे प्रवेश मिळेल. जागेचं काय करायचं ते नंतर बघू.

मॅडम फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिल्या. साहेब बोलत राहिले.

तेवढ्यात टॉवरमधून घंटा झाली. आजोबांची नात खेळत असणार. खणखणीत, जुनी, आमची घंटा. दुपारच्या सुट्टीलासुद्धा अजून बराच वेळ होता. पोरं गडबडली, एकमेकांकडे बघायला लागली, मग सगळी मॅडमकडे.

"हे काय?" साहेब म्हणाले. "मॅडम, माझं अजून संपलं नाहीये."

मॅडमनी खडू खाली ठेवला. फळ्यावर शब्द अर्धाच होता. हात झटकले आणि पोरांकडे वळल्या.

"उठा रे," त्या म्हणाल्या. "दप्तरं घ्या. घंटा झाली."