भूमिकानं आईसाठी ठेवलेलं बोलणं

पेणच्या पुंडलिकनं तीनेकशे लग्नं काढली असतील. काढली म्हणजे कॅमेऱ्यात. तो धोंड्याएवढा कॅमेरा खांद्यावर घेऊन गडी हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा राहायचा. खोड एकच, शूटिंगची कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायची. आधी दोन व्हीसीआर लावून घरच्यांची कॅसेट तयार करायची, मगच मूळ कॅसेटवर पुढचं लग्न. त्यात कधी कुणाचं बिघडलं नाही. पण अठ्ठ्याण्णव साली दुकानात कॉम्प्युटर आला नि याला वाटलं, कॉम्प्युटरात उतरलं म्हणजे झालंच की! कॅसेट मोकळी. अहो, कसलं झालं!

त्याच हंगामात हौसाच्या भूमिकाचं लग्न निघालं. हौसा वडखळपलीकडची, मिठागरात राबणारी विधवा. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी. ते कुठल्या शाळेत शिकलेलं नव्हतं, दोघींनीच चुलीपुढे बसून जमवलेलं. तिसऱ्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

पाठवणीच्या वेळी हौसा घरामागे जाऊन बसली, काही केल्या उठेना. मग भूमिका जीपपाशी थांबली आणि कॅमेऱ्यासमोर आली.

"दादा, चालू हाय ना? हे माझ्या आयला दाखवा."

आणि मिनिटभर हातांनी बोलत राहिली. मग डोळे पुसून जीपमध्ये बसली, रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावी नांदायला गेली.

महिन्यानं माहेरपणाला आली तेव्हा दुकानात डोकावली. "झाली का नाय कॅसेट? आय सारखी इचारते, काय बोललीस म्हणून. मी सांगितलंय, कॅसेट आली की बघ!"

"हंगाम सरू दे गो. फुलं-बिलं उधळून झकास करून देतो," पुंडलिक म्हणाला. नव्या कॉम्प्युटरची हौस, दुसरं काय! साधी कॅसेट काढून दिली असती, तर काय बिघडत होतं? पण नाही.

पावसाळ्यात भूमिकाला कावीळ झाली. आठ दिवसांत पोर गेली.

पुंडलिक त्याच आठवड्यात काम उरकायला बसला, तर वीज कमी-जास्त झाली नि कॉम्प्युटरमधलं व्हिडिओचं कार्ड जळालं. हार्ड डिस्क तेवढी वाचली. तसलं कार्ड शोधत तो मुंबई पालथी घालून आला. ते बनवणारी कंपनीच बुडालेली! तरी गड्याला धीर होता. व्हीसीआर बदलला तरी कॅसेट चालतेच ना? मग कॉम्प्युटर बदलला म्हणून काय झालं? रोह्यात अमोलचा स्टुडिओ होता, त्याच्याकडे कॉम्प्युटर होता. पुंडलिकनं हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळली नि हौसालाच एसटीत बरोबर घेतलं. तिनं लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसलं होतं.

अमोलनं डिस्क जोडली, फाईल उघडली. बँजो वाजला, पोरांचा गलका ऐकू आला. पडदा मात्र काळा ठिक्कर.

"अरे, चित्र?" पुंडलिकनं विचारलं.

"चित्र नाय येणार. तुझ्या कार्डानं ते आपल्या पद्धतीनं दाबून भरलंय. उलगडायला तसलंच कार्ड पायजे. माझं येगळ्या कंपनीचं. मूळ कॅसेट आण ना, पुन्हा भरू."

पुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कॅसेटवर खांब गावातलं पुढचं लग्न चढून गेलं होतं.

हौसा पडद्यासमोर खुर्चीत बसून होती. तिला वाटत होतं, अजून सुरूच झालं नाही. आणि तेवढ्यात ते आलं. "दादा, चालू हाय ना? हे माझ्या आयला दाखवा." मग नुसता चुड्याचा आवाज. हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या, थांबत होत्या, पुन्हा किणकिणत होत्या. पोर आईशी बोलत होती. अमोल खाली बघायला लागला, पुंडलिकला हुंदका आवरेना. ज्या माउलीसाठी ते सगळं होतं, तिला त्यातलं काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

रडणारा पुंडलिक बघून हौसाच्या ध्यानात आलं, काहीतरी बिघडलंय. तिनं उठून पडद्यावर थाप मारली, घरच्या टीव्हीला मारतात तशी. एकदा, दोनदा. पुंडलिकनं हात जोडले. तिनं ते जोडलेले हात धरून सोडवले, त्याच्या डोळ्यांकडे बोट केलं. तू बघितलंस ना? मग दाखव.

त्यानं आठवून आठवून केलं. पंजा छातीशी, मग दोन बोटं हनुवटीला, मग हात पुढे. हौसा कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. तिनं मान हलवली, असं काही नसतंच. मग त्याची बोटं आपल्या हातात घेऊन जरा वाकवली. असं? की तिसरं बोटही? असं? की असं? मिठानं चिरलेल्या बोटांनी ती त्याची बोटं पुन्हा पुन्हा मांडून बघत होती, दरवेळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

पुंडलिकला काय ठाऊक! त्याला त्यातलं कुठलंच ओळखू येत नव्हतं. पण ते डोळे बघवेनात. एका खुणेला त्यानं मान डोलावली, व्हय, हेच.

हौसानं तोंडावर पदर दाबला नि ती मटकन खाली बसली. किती तरी वेळ रडली, मध्येच हसली, पुन्हा रडली. लेकीच्या नावावर आपण तिला काय सांगून बसलो, ते पुंडलिकला शेवटपर्यंत कळलं नाही.