पायलपुढचा कोरा रकाना

नांदगाव पेठच्या अलीकडच्या एका गावात इंदूबाई बावीस वर्षांपासून अंगणवाडी चालवतात. एवढ्या वर्षांत तिथे बाप आले ते पत्रे ठोकायला, नाहीतर झेंडावंदनाला. लेकराला घेऊन आत येऊन बसलेला बाप त्यांनी पाहिला नव्हता.

शुक्रवारी दुपारी बाराला पर्यवेक्षिका येणार होत्या आणि मुलांच्या वाढीच्या तक्त्यात एकच रकाना कोरा होता. पायल, वय साडेतीन. चार महिन्यांत पोरीने अंगणवाडीत एक शब्द काढला नव्हता. ऐकू नीट येई, सांगितलेले करी, तहान लागली की माठाकडे बोट दाखवी. ‘बोलत नाही’ एवढेच लिहायचे होते. पण आठ वर्षांपूर्वी श्रावणच्या नावापुढे त्यांनी तेच लिहिले होते. तो आता सहावीत आहे, घडाघडा बोलतो. तरी गल्ली त्याला ‘मुक्या’च म्हणते.

म्हणून गुरुवारी त्यांनी पायलच्या आईला थांबवले.

“पोरगी घरी बोलते काय वं?”

“संध्याकाळी बोलते न जी. दिवसा आमीच तिले चूप ठेवतो. तिच्या बाबाची रातपाळी असते न.” मग घाबरून म्हणाली, “मॅडम, ‘बोलत नाही’ असं नका लिहू.”

“मंग उद्या तिच्या बाबालेच पाठव.”

“ते कायले? ते झोपून राह्यतात.”

“एक दिवस उशिरा झोपतीन. पोरगी कुठं बसते, कशी बसते, पाह्यलं का त्यांनी कधी?”

‘चूप ठेवतो’ हे इंदूबाईंच्या कानावर पडले, मनात शिरले नाही.

शुक्रवारी दहाला पायलचा बाप सुगत खरेच आला. कापड गिरणीतून सुटून तसाच, केसांत कापसाची लव. पोरांना सोडायला आलेल्या बाया हसल्या. “काहो सुगतभाऊ, नाव टाकाले आले का?” तो मान खाली घालून भिंतीशी सतरंजीवर बसला. इंदूबाईंनी पुढ्यात लाकडी ठोकळे ठेवले. “पोरीसंगं घर बांधा. बोला तिच्याशी.”

सुगत हळूच बोलला. पायल हसली, ओठ मिटलेलेच. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. इंदूबाईंचे लक्ष घड्याळावरून पोरीवर, पोरीवरून तक्त्यावर. सुगतने पुढचा ठोकळा उचलला आणि तो हातात धरूनच त्याचे डोळे मिटले. डोके भिंतीला टेकले. घोरू लागला.

पोरे खिदळली. नितेशने ताटलीवर चमचा बडवायला घेतला. बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला. इंदूबाईंनी पेनाचे टोपण काढले.

“चूप!”

पायल उभी होती, दोन्ही हात पसरून, बापाच्या पुढे.

“माह्ये बाबा झोपले! कामावरून आले. आवाज नका करू!”

नितेशचा चमचा वरच राहिला. दारात पर्यवेक्षिका एक पाय आत टाकून थांबल्या. आणि आदल्या दिवशीचे ते वाक्य आत्ता कुठे इंदूबाईंच्या मनात शिरले. दिवसा बोलायचे नसते, हे पोरीला घराने शिकवले होते. ती ते इथेही इमानाने पाळत होती.

गलक्याने न उठलेला सुगत शांततेने दचकून जागा झाला.

“झोप लागली जी मॅडम. लिहून टाकलं काय?”

“नाई. तुमच्या पोरीनं लिहू देलं नाही.” इंदूबाईंनी झाले ते सांगितले.

त्याने हातातला ठोकळा खाली ठेवला. “म्हणजे माह्यामुळं चूप होती थे?”

“तुमच्यासाठी.”

सुगत उठला. पोरांना न्यायला आलेल्या बाया खिडकीतून पाहत होत्या, पर्यवेक्षिका दारात होत्या. त्याने पायलला कडेवर घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणाला, “पायल, पाह्य, बाबा जागे हायेत!”

पायलने बोटाने त्याची पापणी वर करून पाहिली.

“खरंच?” तिने विचारले, चांगले खणखणीत.