डब्यातला केना
उपटलेल्या ओल्या गवताचा वास आला, की मला तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेला केना आठवतो. कपाशीतलं ते तण, पण त्याच्या इवल्या निळ्या फुलावर माझा जीव जडला होता. निंदण करून आलेली आई डबा पाहून ओरडली, "आमी दिवसभर ज्याले उपटतो, त्याले तू पानी घालून राह्यली?" बाबा हसले, "कालेजात हेच शिकवतेत का वं?" आईने केना उपटून अंगणाबाहेर फेकला. मी गेले, त्यातली एक कांडी उचलली आणि तिच्यासमोरच पुन्हा डब्यात खोचली. "वावर तुमचं, डबा माहा," मी म्हणाले. आईने हातातलं खुरपं कोपऱ्यात ठेवलं. कांडी जगली. आता वसतिगृहाच्या खिडकीतही तिचीच फांदी आहे. कुणी तिला तण म्हटलं, की मी आणखी एक रिकामा डबा शोधते.