उसनी आत्या

बाळाचं नाव सुचवलं की लोक त्याचा अर्थ विचारतात. अक्का अर्थ विचारत नसत. पदर खोचून त्या मागच्या दारात जायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि ते नाव खणखणीत आवाजात गल्लीत सोडून द्यायच्या. गल्लीच्या कोपऱ्यावर नागप्पाचं सोड्याचं दुकान होतं. नागप्पाने मान वर करून बघितलं तर नाव पास. नाही बघितलं तर अक्का आत येऊन म्हणायच्या, "हे घरातल्या घरात म्हणायचं नाव आहे ग. पोरगं काय घरात बसणार आहे? दुसरं बघ." बाळ अजून आईच्या पोटात असायचं आणि गल्लीत त्याच्या नावाने हाका सुरू झालेल्या असायच्या.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाशेवटाला लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळूरला आले. नवरा कारखान्यात नोकरीला होता. चामराजपेटेतल्या एका वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या घरांत, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. समोरच्या घरात अक्का. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायला विसरले, असं त्या सांगत. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी कन्नडच्या इतकी शेजारी राहिली होती की दोघींची भांडी एकमेकींकडे असायची. "स्वल्प थांब ग", "सरी, मग ये" हे त्यांचं नेहमीचं; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. मला आधी हसू यायचं. वर्षभरात मीही भाजीवाल्याला "स्वल्प थांब" म्हणायला लागले.

आमच्यासारखी नोकरीसाठी आलेली मराठी घरं त्या भागात बरीच होती आणि सगळ्यांची एकच अडचण होती. बारशाला आत्या लागते. आत्या बाळाच्या कानाशी वाकून कुर्र करणार, नाव सांगणार आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार, ही आपली रीत. पण सगळ्यांच्या नणंदा बेळगाव, मिरज, सोलापूरकडे. त्यांना आणायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, शिवाय त्यांचे रुसवेफुगवे. म्हणून विरजण मागावं तशी आत्याही समोरच्या घरातून मागून आणायची पद्धत पडली. अक्का हौसेने जायच्या. त्यांना सख्खा, चुलत कसलाच भाऊ नव्हता, त्यामुळे हक्काने आत्या होण्याची सोयच देवाने ठेवली नव्हती. "देवानं नाही दिलं, वठारानं दिलं," म्हणायच्या आणि पाठ पुढे करायच्या. "मारा, पण हळू मारा. उद्या मल्लेश्वरमला आणखी एक बारसं आहे."

नावांच्या फॅशनवर त्यांचा राग होता. तेव्हा सिनेमाच्या नायकांची नावं आली होती, बंगाली कादंबऱ्यांतली आली होती आणि प्रत्येक मुलाच्या मागे 'कुमार' लावायची साथ होती. "कुमार कशाला?" अक्का विचारायच्या. "साठ वर्षांचा झाला की हे शेपूट कापून घ्यायला कुठं जाणार?" एका हौशी बापाने मुलाला पुढाऱ्याचं नाव ठरवलं, तर त्याला म्हणाल्या, "तो पुढारी अजून जिवंत आहे की. पुढं काय करून ठेवेल सांगता येतंय काय?" एकीच्या बाळाला ज्योतिष्याने 'ठ' अक्षर काढून दिलं होतं. ती रडवेली होऊन आली. अक्का म्हणाल्या, "त्या ज्योतिष्याला सांग, तुमच्या पोराला ठेवा, आवडलं तर आम्ही पण ठेवतो." परवा माझ्या नातीने फोनमध्ये नावं दाखवली. प्रत्येक नावाखाली अर्थ होता, देवता होती, शुभ अंक होता. ते कुठपर्यंत ऐकू जातं, हे मात्र कुठेच दिलेलं नव्हतं.

मला दिवस गेले तेव्हा नवऱ्याने 'मोहनकुमार' आणलं. ते शेपटासकट परत गेलं. माझ्या मनात रवी होतं. अक्कांनी आधी ते फुलवालीला म्हणायला लावलं, ती तमिळ. मग जटकेवाल्याला, म्हणजे टांगेवाल्याला, तो दखनी बोलायचा. दोघांनाही नीट जमलं. "या गावात राहायचं तर नाव सगळ्यांच्या तोंडात बसलं पाहिजे," म्हणाल्या आणि मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेल्या. मला वाटलं, त्याच ओरडणार. तर म्हणाल्या, "तू ओरड. आई तू आहेस, मी नाही."

लग्न झाल्यापासून मी आवाज चढवला नव्हता. पहिली हाक मांजराला हुसकावल्यासारखी निघाली. दुसरी जरा बरी. तिसरी अशी गेली की नागप्पा मान वर करून थांबला नाही, सोड्याची बाटलीच घेऊन आला. अक्कांनी ती घेतली आणि आम्ही दोघींनी पायरीवर बसून संपवली. मी खूप दिवसांनी इतकी हसले.

पण बेळगावहून सासूबाईंचा निरोप आला. मुलगा झाला तर सासऱ्यांचं नाव ठेवायचं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नाव चांगलं होतं, देवाचं होतं. फक्त ते मला कधी घेता येणार नव्हतं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग ते सासऱ्याचं असो की त्याच्या नावाच्या पोराचं. माझ्या माहेरी चुलतवहिनीचं हेच झालं होतं. तिचा मुलगा आजोबांच्या नावाचा. तो जत्रेत हरवला, तर ही बिचारी गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवत "अरे, अरे" करत राहिली. जत्रेतली सगळी पोरं वळून बघत होती, तिचं सोडून. तो सापडला, पण तिचा तो चेहरा मी विसरले नव्हते. मला माझ्या पोराला नावाने हाक मारायची होती, एवढंच माझं मागणं होतं. मी ते अक्कांना रडत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू की."

मुलगाच झाला. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण तिथेच झालं आणि अक्कांनीच केलं. बारशाला सासूबाई एकट्या आल्या, कारण नणंदेचेही दिवस भरत आले होते. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला बजावलं, आत्या होणाऱ्या बाईला नाव सांगून ठेव. मी त्याला बजावलं, सांगू नका. तो दोघींना "होय" म्हणाला आणि कुणालाच काही बोलला नाही. बारशाच्या दिवशी अक्कांनी त्याला फुलं आणायला गांधी बाजारात पिटाळलं, तेव्हा तो इतक्या आनंदाने गेला की चपला घालायला विसरला.

बायका जमल्या. पाळणा सजला, घुगऱ्या वाटून झाल्या. अक्का पाळण्याशी उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, नाव सांगा."

सासूबाई चमकल्या. "मुलानं सांगितलं नाही काय तुम्हाला?"

"तो फुलं आणायला गेलाय की."

"ह्यांचंच ठेवायचं. घरधन्यांचं."

"सरी. ते काय?"

 सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी घुगऱ्यांकडे बघितलं. त्या खोलीत ते नाव माहीत असलेल्या आम्ही दोघीच, आणि दोघींनाही ते घ्यायची बंदी. सासूबाईंनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बोट केलं. अक्कांनी तसबिरीला नमस्कार केला. मग अगदी गरिबासारखा चेहरा करून त्या सासूबाईंपुढे वाकल्या. "मी बाळाच्या कानात सांगते, आई. पण माझ्या कानात कुणीतरी सांगायला पाहिजे की." सासूबाईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. बाळ रडायला लागलं, बायका चुळबुळ करायला लागल्या. अक्का म्हणाल्या, मुहूर्त टळतोय. वाकल्या, कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात बाळाच्या कानात 'रवी' म्हणाल्या. धपाट्यांचा पाऊस पडला. मी सगळ्यांत जोरात मारला.

सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत. नवरा फुलं घेऊन आला, वारा कुठला आहे ते बघून कोपऱ्यात बसला. मी मात्र जिंकल्याच्या नादात होते. संध्याकाळी बाळाला घेऊन पडले होते, तेव्हा मागच्या दाराशी दोघी बसलेल्या खिडकीतून ऐकू आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. सासूबाई भांडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "ते गेल्यापासून त्यांचं नाव कानावर नाही. मला घेता येत नाही. सून घेणार नाही. मुलगा बाबा म्हणतो. नातवाला ठेवलं असतं तर शेजारच्यांनी तरी हाक मारली असती. मला ऐकायला मिळालं असतं."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.  अक्का म्हणाल्या, "मग तुम्हीच घ्या की."

"काय बोलालाय? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

"आता आणखी किती कमी होणार, आई?"

मी उशीत तोंड घातलं.  मग सासूबाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. आणि हसू सरल्यावर त्यांनी नाव घेतलं. अगदी हळू. अक्का म्हणाल्या, "एवढं नागप्पाला कुठं ऐकू जातंय? तिकडं तोंड करून म्हणा." त्यांनी पुन्हा घेतलं. मग आणखी जरा मोठ्याने. ते नाव परसातून, विहिरीवरून, गल्लीत गेलं. माझे डोळे भरून आले. मी काही ते अजून घेतलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही, सवयच तशी आहे. पण त्यानंतर बेळगावला परत जाईपर्यंत सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ते एकदा घ्यायच्या आणि मग आत येऊन रवीला "रवी" म्हणायच्या.

मी अक्कांना विचारलं, तुम्हाला ते नाव खरंच ठाऊक नव्हतं का? त्या म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या नावाच्या मधोमध आहे ते. पोस्टमन रोज ओरडतोय की अंगणात."

रवी शाळेत जायला लागला आणि आमची पुण्याला बदली झाली. जटक्यात सामान चढवताना मला एकाएकी जाणवलं की इतक्या वर्षांत मी अक्कांना त्यांचं नाव विचारलं नव्हतं. वठारातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. त्यांचा नवरासुद्धा "ए" म्हणायचा. विचारलं, तर माळ्यावरचं भांडं मागितल्यासारख्या आठवायला लागल्या. "येसू. आईनं ठेवलेलं. लग्नात सासरच्यांनी दुसरं ठेवलं, पण ते कुणी वापरलंच नाही." मग माझा चेहरा बघून लगेच म्हणाल्या, "आणि तुला पोरगी झाली तर हे ठेवायचं नाही हां. पोराला नाव कोरं द्यावं. जुनं नाव ज्याचं त्याला हाक मारायला ठेवावं." जटका निघाला. कोपऱ्यापर्यंत गेलो, तोच मागून हाक आली, "रवीऽऽ". रवीने वळून बघितलं, नागप्पाने बघितलं, घोड्यानेही कान टवकारले. मला काही बघवलं नाही.

पुण्यात मला मुलगी झाली. तिच्या बारशाला सख्खी आत्या आली, तिने पद्धतशीर कुर्र केलं आणि नाव इतक्या नाजूक आवाजात सांगितलं की ते बाळालाही कळलं नसावं. येसू ठेवलं नाही. अक्कांनी बजावलं होतं.

त्यानंतर एकदा नवरा कारखान्याच्या कामासाठी बेंगळूरला जाऊन आला. हातपाय धुतले, चहा घेतला आणि सांगितलं की अक्का गेल्या. मी पोळ्या लाटायला घेतल्या, दोन लाटल्या आणि तव्यावरची तशीच ठेवून मागच्या दारी गेले. मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "येसूऽऽ".

शेजारीण कठड्यावरून डोकावली, कुणाचं पोर हरवलं म्हणून विचारायला लागली. रवी खेळ टाकून धावत आला. "आई, कुणाला हाक मारतेस?"

"तुझ्या आत्याला," मी म्हटलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाला बसायचा. त्याने इस्त्री खाली ठेवली होती आणि मान वर करून तो आमच्या दाराकडे बघत होता.