एका निळ्या तिकिटापायी सांगली ते पाटण

दिवाळीची साफसफाई अर्धी टाकून कुठे निघालात, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा मी सरळ खोटं बोलले. "साताऱ्याला, नातेवाइकांकडे," म्हणाले. माझ्या नवऱ्याला पोस्टाचं एक तिकीट बघायचंय, तेही वापरलेलं, शिक्का मारलेलं, असं कुठल्या तोंडाने सांगणार? घरात तसली हजारो आहेत. लोखंडी कपाटाच्या तीन खणांत साड्या असायला हव्या होत्या, तिथे आल्बम आहेत.

ज्यांच्या घरात हा रोग शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आफ्रिकेतले इटलीच्या ताब्यातले मुलूख जिंकले. तिथली पोस्टं ताब्यात आली, पण विकायला तिकिटं नव्हती. मग विलायतेतली नेहमीचीच, त्यांच्या राजाचा चेहरा असलेली तिकिटं आणली आणि त्यावर काळ्या शाईत एम. ई. एफ. अशी तीन अक्षरं छापली. मिडल ईस्ट फोर्सेस. दुसऱ्याचा देश घेतला, पण नवं तिकीट छापायचा कंटाळा आला. या कंटाळ्याचे नमुने गोळा करण्यात माझ्या नवऱ्याची, मुकुंदाची, तीस वर्षं गेली. त्या अक्षरांमधली टिंबं गोल आहेत की चौकोनी, यावरून त्याचं आणि त्याच्या मित्रांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. चांगली शिकलीसवरलेली माणसं आहेत सगळी.

त्याला हवं होतं ते नुसतं तिकीट नव्हतं. सगळं पाकीट हवं होतं, आफ्रिकेतून आपल्याकडच्या खेड्यात आलेलं. आपल्या शिपायांची पत्रं बहुतेक लष्कराच्या पोस्टातून यायची, त्यावर असलं तिकीट नसायचं. एखाद्याने तिथल्या साध्या पोस्टात जाऊन पत्र टाकलं असेल तरच. असं एक पाकीट पाटणच्या बाजूला एका घरात असल्याची बातमी साताऱ्याच्या माने नावाच्या व्यापाऱ्याने दिली, आणि हिवाळ्यातल्या तिकिटांच्या प्रदर्शनात हे पाकीट लागलं तर पदक नक्की, असं मुकुंदाने मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी लवकर निघालो. सांगली ते पेठ रस्ता आता पुष्कळ सुधारलाय, त्यामुळे शिव्या द्यायला हायवेपर्यंत थांबावं लागतं. हायवेला रुंदीकरण चालू आहे. कधी संपेल विचारू नका. कडेकडेने वळवलेला रस्ता, त्यात उसाच्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, आणि ट्रॅक्टरवर छाती फुटेल एवढ्या आवाजात गाणी. कारने जाणार असाल तर फास्टॅगमध्ये पैसे आणि डोक्यात शांतता दोन्ही भरून घ्या. कराडच्या आधी एका धाब्यावर मिसळ खाल्ली. मिसळ लालभडक होती, याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. मी घरून भडंग नेलं होतं म्हणून वाचले.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ लॉज घेतला. दीड हजारात एसी आहे, असं बोर्डावर लिहिलंय. एसी आहेच, तो चालतो असं बोर्डावर लिहिलेलं नाही. अजिंक्यताऱ्यावर संध्याकाळी जायचं असं मी घरून ठरवून आले होते. त्याऐवजी मी माने यांच्या फ्लॅटमध्ये, जुन्या नाण्यांच्या डब्यांच्या मध्ये, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले.

माने यांनी चिमट्याने एकेक तिकीट उचलून दिलं आणि मुकुंदाने डोळ्याला भिंग लावलं. आता इथे या लोकांची एक रीत सांगायला हवी. भिंगाखाली तिकीट आलं की त्याचं वर्णन मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने ते ऐकून मान डोलवायची. मंगलाष्टकं चालू असल्यासारखा चेहरा करून.

"राजाचं मुंडकं," मुकुंद म्हणाला. "दोन पेनी. नारिंगी. टिंब गोल."

"चौकोनी," माने म्हणाले.

"गोल आहे हो."

"सायेब, मी लंडनचं कॅटलॉग पाठ केलंय. चौकोनी हाय ते."

मी म्हटलं, "असेना का टिंब कसंही. तिकीट पोचलं ना पत्र घेऊन?"

दोघांनीही माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. निघताना माने म्हणाले, "म्हातारी इकत न्हाई. म्या लय येळा जाऊन आलो. पर बघाय देती. दसऱ्याला शस्त्रांच्या पूजेत मांडतात ते पाकीट. तुमचं नशीब बघा." येताना मोती चौकातून कंदी पेढे घेतले. साताऱ्यातली माझी एवढीच कमाई.

दुसऱ्या दिवशी उंब्रजवरून आत वळून मल्हारपेठमार्गे पाटणच्या दिशेने निघालो. हा रस्ता मात्र सुरेख आहे. डावी-उजवीकडे भात कापणीला आलेलं, वर डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या. पाटणच्या पुढे रस्त्यात मोबाइलला रेंज नाही, गावात पोचल्यावरच येते, आणि पेट्रोल उंब्रजलाच भरलेलं बरं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या सकाळी तिथे भिंग घेतलेल्या चार माणसांची रांग लागेल.

घर स्लॅबचं, पुढे ट्रॅक्टर, ओट्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. सर्जेराव, साठीतले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दारातच भेटले. मानेंनी फोन केलेला होता. आम्हाला आत न नेता त्यांनी ओट्यावरच बसवलं आणि आवाज खाली आणला.

"एक सांगतो सायेब, रागवू नका. आईम्होरं तिकिटावर राजा हाय असं काय बोलू नका. आई त्येला तिचा बा समजती."

मुकुंदाला कळेना. मलाही.

"आजा लढाईवर गेला तवा आई पोटात व्हती. त्यो तिकडंच गेला. फोटो न्हाई, काय न्हाई. येवढं एक पाकीट आलं त्याचं. आई ल्हान असताना विचारायची, माझा बा कसा हाय? तवा आजीनं तिकीट दावलं. म्हणली, ह्यो बघ. आजीला खरंच तसं वाटलं का पोरीची समजूत काढली, द्येव जाणं. गावात समद्यास्नी ठावं हाय. मास्तरास्नी, फौजेतल्या लोकास्नी. पर आजवर कोन बोललं न्हाई."

मुकुंदाने मान हलवली. "नाही हो. अजिबात नाही. काळजीच करू नका." तो अगदी मनापासून म्हणाला, हे मला कबूल आहे.

सर्जेरावांच्या आई, शेवंताआजी, आत पलंगावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, काळ्यासावळ्या, नाक मात्र तरतरीत. एकुलती एक लेक, म्हणून नवरा इथेच घरजावई आला, असं त्यांनीच सांगितलं. मला जवळ बसवून घेतलं. चहा आला, चहाबरोबर चकल्या आल्या. "आवं घ्या की, सांगलीस्नं आलाय," असं चार वेळा झालं. मग त्या सर्जेरावांना म्हणाल्या, "माझ्या बाला आण."

सर्जेरावांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली. बाजूला युद्धातलं पदक होतं, त्यालाही हार. काचेवर दसऱ्याचं कुंकू ताजं होतं. आत, पाकिटावरच्या त्या निळ्या तिकिटावर, बरोबर कपाळाच्या जागी, जुन्या कुंकवाचा तपकिरी डाग होता. काच लावायच्या आधीपासूनचा असणार. आजींनी फ्रेमला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "बघा. माझा बा. असमारा म्हणून गाव हाय आफ्रिकेत, तितनं धाडलंय."

मी पाहिलं. चांगला दिसायचा तो राजा. उघडं डोकं, भांग पाडलेला, मान जरा ताठ. एखाद्या लेकीला बाप म्हणून आवडावा असाच.

मुकुंदाने खिशातून भिंग काढलं. सर्जेरावांनी मागची फळी सरकवून पाकीट त्याच्या हातात दिलं. तो खिडकीशी गेला, डोळा भिंगाला लावला आणि त्याच्या चेहऱ्यावर तो मंगलाष्टकांचा भाव आला. तेव्हाच मी त्याला हाक मारायला हवी होती. माझ्या तोंडात चकली होती.

"राजाचं मुंडकं," तो मोठ्याने म्हणाला. "अडीच पेनी. फिकट निळा. टिंब चौकोनी!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी पुष्कळ मूर्खपणा करताना पाहिलंय. एवढा मोठा नाही.

"कुनाचं मुंडकं?" आजींनी विचारलं.

मुकुंदाने भिंग पाठीमागे लपवलं.

"आजी, ह्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हणाले. "दुसऱ्याच तिकिटाचं बोलतायत."

"राजा न्हाई त्यो," आजी मला समजावून सांगायला लागल्या. "राजाच्या डोक्याव मुकुट असतो. बंद्या रुपयाव बघितलाय म्या. ह्येच्या डोक्याव काय हाय का? बोडका हाय. माझा बा हाय त्यो. व्हय रं सर्जा?"

सर्जेराव खाली बघत होते. फौजेत आयुष्य काढलेला माणूस, पण एवढं एक "व्हय" त्यांना वेळेवर जमलं नाही. आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

सर्जेरावांनी फ्रेमची फळी या हातातून त्या हातात घेतली.

आजी रडल्याबिडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि मुकुंदाला विचारलं, अगदी साधेपणाने, जाणत्या माणसाला विचारावं तसं, "मग माझा बा कसा दिसायचा?"

ज्याला कुठल्या तिकिटाची शाई कुठल्या छापखान्यातली हे सांगता येतं, त्या माझ्या नवऱ्याने पाकीट नुसतं उलटून पाहिलं. आजींच्या वडिलांना पाहिलेलं गावात कोणी उरलेलं नाही.

मी म्हणाले, "आजी, तिकीट राजाचं असलं तरी चिकटवलं त्यांनीच ना? त्यांच्या हातचं आहे पाकीट."

"हात दिसत न्हाई त्येच्यात," आजी म्हणाल्या. मग मुकुंदाला म्हणाल्या, "घिऊन जावा तुमी. राजा आमच्या काय कामाचा?"

मला वाटलं, नाही म्हणेल. तो "नको, नको" म्हणालाही. पण आजींनी पाकीट परत हातात घ्यायला नकार दिला, सर्जेराव म्हणाले, "न्या सायेब, आता ऱ्हाऊ द्या," आणि नवरा ते पाकीट दोन्ही हातांत धरून गाडीत येऊन बसला. पाटणपर्यंत मी खिडकीबाहेरच्या पवनचक्क्या मोजल्या. पाटणनंतर बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "ठेवून आलो असतो तर चुलीत गेलं असतं." असेलही. संग्राहकाला नेहमीच असं वाटतं, आपण घेतलं नसतं तर जळालं असतं. ज्या इंग्रजांची तिकिटं हा जमवतो, त्यांनाही घेतलेल्या मुलखांबद्दल असंच वाटत असणार.

आता खर्च विचाराल तर पेट्रोल, टोल, लॉज, जेवणं धरून दोघांचे पाच हजारांच्या आत बसतात. रस्ता सुंदर आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जरूर जा. पवनचक्क्या बघा, पेढे घ्या. कोणाच्या घरात शिरून भिंतीवरचं काही बघायला मागू नका.

प्रदर्शन होऊन गेलं. मुकुंदाने पाकीट लावलं नाही, पदकही मिळालं नाही. याबद्दल मी त्याचं कौतुक करणार नाही, एवढं तरी जमायलाच हवं होतं. पाकीट आल्बममध्येही गेलेलं नाही. त्याच्या टेबलाच्या खणात आहे आणि तो खण तो उघडत नाही. मध्यंतरी त्याने लष्कराच्या दोन कचेऱ्यांना लिहून आजींच्या वडिलांचा फोटो मागितला. एका ठिकाणाहून कळवलं, नाही. दुसरीकडून काहीच कळवलं नाही. मला त्याचा राग येतो, आणि अजून त्या बाईंचा प्रश्न आठवला की हातातलं काम थांबतं. दोन्ही खरं आहे.

परवा धीर करून त्याने सर्जेरावांना फोन लावला. स्पीकरवर होता, मी कणीक मळत होते. "पाकीट आणून देऊ का?" त्याने विचारलं.

"नगं म्हणती आई," सर्जेराव म्हणाले. "तिचं दुसरंच चाललंय. रोज दुपारी कपाटाच्या आरशाम्होरं बसती. म्हणती, रंग आईचा, डोळं आईचं, हनवटी आईची. जे आईचं न्हाई ते बाचं. माझ्या आजीचं नाक बसकं व्हतं न्हवं."

मागून आजींचा आवाज आला, चढा, फोनपर्यंत पोचावा असा.

"नाक घावलं म्हनावं त्यास्नी! आता कान बघतीया."